ओहोळाचं बी ओहोळाला

वाघबारस झाली की डहाणू-तलासरीच्या माळावरचं गवत पिवळं पडायला लागतं. भात कापून झालेला असतो किंवा होत आलेला असतो, आणि पंधरा-वीस दिवसांत विळे गवताकडे वळतात. ज्यांना आपल्या ओहोळाचा काठ वाचवायचा आहे त्यांच्यासाठी वर्षातले सगळ्यांत मोलाचे दिवस हेच. झाडं पावसाळ्यात लावायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण काठ धरून ठेवणारं बी कार्तिकात पिकतं. कापणीआधी ते गोळा केलं नाही तर गवताच्या गठ्ठ्यांत बांधलं जातं आणि वखारीतून मुंबईकडच्या तबेल्यांत पोचतं.

वाढवणजवळच्या आमच्या वाडीला लागून एक ओहोळ वाहतो. पूर्वी तो एका उडीत ओलांडता यायचा. आज तिथे साकव घालावा लागेल एवढं पात्र फाकलं आहे. दर पावसाळ्यात वाडीची हातभर जमीन जाते, कधी तिच्याबरोबर चिकूचं एखादं जुनं झाड जातं. ही माती जाते कुठे, हे वरोर, धाकटी डहाणू, चिंचणीच्या मच्छीमारांना विचारा. ती खाडीत बसते. ज्या तोंडातून ओहोटीलाही होडी निघायची, तिथे आता भरतीची वाट बघावी लागते. काठ ढासळणं हे एका शेतकऱ्याचं नुकसान वाटतं, पण ते डोंगरापासून खाडीपर्यंत सगळ्यांचं आहे. म्हणूनच ज्यांच्या जमिनीला ओहोळ लागतो त्या प्रत्येकाशी मला बोलायचं आहे.

आधी काठ कसा पडतो ते नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच निघतो. पुराचं पाणी वरून काठ खरवडतं असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे पाणी आधी पायथा पोखरतं. काठ वर दिसायला शाबूत असतो आणि खाली कपार पडलेली असते. दुसरी गोष्ट त्याहून फसवी आहे. पूर चढलेला असतो तेव्हा काठाची माती पाणी पिऊन जड होते, पण समोरचं पाणीच तिला टेकू देतं. पूर ओसरला की टेकू जातो, माती मात्र तशीच भिजलेली आणि जड राहते. म्हणून काठ बहुतेक वेळा पावसात पडत नाही, उघडीप मिळाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडतो. लोक चक्रावतात की पाणी उतरलं, मग जमीन का गेली.

यावरून दोन कामं ठरतात. पायथा पोखरू द्यायचा नाही, आणि उतारावरच्या मातीत मुळांचं जाळं विणायचं. दोन्ही कामांना वनस्पती वेगळ्या आणि हंगामही वेगळे. पायथ्याची लावणी नवरात्रापासून दिवाळीनंतरच्या पंधरवड्यापर्यंत करायची, आणि उताराची पेरणी मृगाच्या तोंडावर. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: आपल्याकडे सगळी लागवड जुलैत उरकली जाते आणि जुलैतच ओहोळ सगळ्यांत मस्तीत असतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, जमीन छान भिजलेली बघून, गोळा केलेलं सगळं बी मी काठावर फेकलं. चार दिवसांत जोराची सर आली आणि बी, खत, वरची माती सगळं खाडीला मिळालं. बी चांगलं होतं, मेहनत खरी होती, फक्त वेळ चुकली. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कोवळ्या रोपाला मूळ धरायला तीन आठवडे तरी शांत मिळाले पाहिजेत. ते जूनमध्ये, नदीनाले भरायच्या आधीच मिळतात.

आता गोळा करण्याविषयी. अमेरिकेत नदीकाठासाठी देशी गवतांच्या आणि रानफुलांच्या बियांची तयार मिश्रणं दुकानात विकत मिळतात. पायथ्याचं वेगळं, उताराचं वेगळं. आपल्याकडे तसं दुकान नाही, पण आपल्याकडे माळ आहे आणि गवत ओळखणारी माणसं आहेत. डहाणू-तलासरीत गवत ही कधीच किरकोळ गोष्ट नव्हती. १९४५च्या वारल्यांच्या लढ्यात पाचशे पौंड गवत कापणीला अडीच रुपये मजुरी ही मागणी होती, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, गवत पिकायच्या दिवसांतच, तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो काळ लिहून ठेवला आहे. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे गवत कापलं, त्या घरातल्या बायांना कुठल्या माळावर कोणतं गवत कधी पिकतं ते वेगळं शिकवावं लागत नाही. बी गोळा करायचं काम त्यांच्यासोबत करा आणि त्याची रास्त मजुरी द्या.

बी आपल्याच ओहोळाच्या वरच्या अंगाचं घ्यावं. तिथलं गवत आपली माती, आपला पाऊस आणि आपलं कडक ऊन ओळखतं. एकाच जोमदार ठोंबाचं सगळं बी ओरबाडू नका. वीस-पंचवीस ठोंबांचं थोडं थोडं घ्या आणि प्रत्येकावर निम्म्याहून जास्त राहू द्या, कारण माळालाही पुढच्या वर्षी उगवायचं आहे. सकाळचं दव उडाल्यावर, दहा-अकराच्या सुमारास कणीस मुठीत धरून वरच्या दिशेला ओढा. पिकलेलं बी हातात येतं, कच्चं दांड्यालाच राहतं.

कुसळी एकदा जवळून बघण्यासारखी आहे. पिकल्यावर तिची लांब काळपट कुसळं एकमेकांत पीळ घालून शेंडीसारखी गुंततात. त्यातलं एक सोडवून तळहातावर ठेवा आणि वर पाण्याचा एक थेंब सोडा. क्षणभर काही होत नाही, मग कुसळ हळूहळू फिरायला लागतं. कोरडं असताना पडलेला पीळ ओलं झाल्यावर उलगडतो, वाळलं की पुन्हा पडतो. बियेच्या खालच्या टोकाला सुईसारखी अणी असते आणि तिच्यावर मागे वळलेले बारीक केस. त्यामुळे बी आत जातं, पण बाहेर येत नाही. पहिल्या सरी आणि मधलं ऊन यांच्या जोरावर हे बी स्वतःला मातीत पेरून घेतं. उतारावर पेरायला याहून शहाणं बी कुठे मिळणार? फक्त तीच अणी शेळ्यांच्या तोंडाला आणि कातडीला टोचते, म्हणून मिश्रणात कुसळी चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि ती काठाच्या वरच्या कोरड्या, मुरमाड भागातच घाला.

उताराच्या मिश्रणाचा कणा मारवेल असावा. ते जनावरांना आवडतं, ठोंब दाट येतो, आणि पेरांना जमीन लागली की तिथेही मुळं फुटतात. त्याच्या जोडीला हरळी. हरळीचं बी गोळा करणं वेळखाऊ आहे, त्यापेक्षा तिच्या पेरांचे वीतभर तुकडे रोवा. ज्या खाचरात हरळीचा त्रास होतो तिथली उपटून काठावर आणली की दोन्ही कामं होतात. मग द्विदल हवीत, कारण खरवडलेल्या काठात नत्र उरलेलं नसतं. शेवरी, उन्हाळी म्हणजेच शरपुंखा आणि रानताग या तिघी आपल्या बांधांवर सापडतात. त्यांच्या शेंगा तडकायच्या आत तोडा, नाहीतर बी उडून जातं.

आणि सगळ्यांच्या वर सोबतीण म्हणून थोडी नागली. ती चार-पाच दिवसांत उगवते, गवत सावकाश उगवेपर्यंत माती धरते आणि दिवाळीपर्यंत संपूनही जाते. मात्र ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा. दाट नागली झाली तर तिच्या सावलीत गवत मरेल. प्रमाण सांगायचं तर सपाट कुरणात हेक्टरी पाच-सहा किलो गवताचं बी पुरतं. उतारावर काही वाहून जाणार, काही मुंग्या नेणार, म्हणून तिप्पट धरा. म्हणजे गुंठ्याला दीड-दोनशे ग्रॅम. त्यात द्विदलांचं शंभर ग्रॅम आणि नागलीचं तीस-चाळीस ग्रॅम.

गोळा केलेलं बी सावलीत वाळवा, उन्हात नको. कापडी पिशवीत किंवा राख घातलेल्या मडक्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती बँक खाण्याच्या पिकांची आहे, पण मातीच्या घरात, घरच्या साधनांनी बी वर्षभर जिवंत ठेवता येतं हे त्यांनी दाखवून दिलं. तसं एखादं मडकं गवताच्या बियांसाठी प्रत्येक पाड्यात असावं. मडक्यावर गवताचं नाव, जागा आणि महिना लिहा. तीन महिन्यांनी सगळी मडकी सारखीच दिसतात.

उगवण तपासायची ती मे महिन्यात. मोजून शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी किती उगवल्या ते मोजा. गवताचं ताजं बी काही महिने झोपलेलं असतं. डिसेंबरात तपासलंत तर फारसं काही उगवणार नाही आणि चांगलं बी तुम्ही फेकून द्याल. शेवरीसारख्या टणक बियांवर मात्र पेरणीच्या आदल्या संध्याकाळी उकळून खाली उतरवलेलं पाणी ओता आणि तसंच रात्रभर ठेवा. सकाळी फुगलेलं बी पेरायचं.

पेरणीच्या आधी काठाला उतार द्यावा लागतो. उभ्या कड्यावर कुठलंही बी टिकत नाही. एक हात उंचीला दोन हात आडवं, एवढा उतार फावड्याने पाडा. हे काम होळीनंतर, ओहोळ आटलेला असताना करावं. त्यासाठी थोडी जमीन सोडावी लागते आणि तिथेच शेतकऱ्याचं मन कचरतं. मी एवढंच सांगेन की ती जमीन तुमची राहिलेलीच नाही, तीन-चार पावसाळ्यांत ओहोळ ती नेणारच आहे. उताराच्या वर पाच-सात हातांची पट्टी नांगर न लावता राखा. चिकूची वाडी अगदी धारेपर्यंत खणणारे बागायतदार आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्या धारेवरच्या झाडाचं फळ दोन वर्षं मिळतं आणि तिसऱ्या वर्षी झाडच ओहोळात असतं.

मिरग जवळ आला की दाताळ्याने उतारावर आडव्या रेघा ओढा, वरून खाली नाही. उभी रेघ म्हणजे पाण्याला दिलेली वाट. गवताचं बी हलकं आणि केसाळ असतं, ते वाऱ्यावर उडतं. म्हणून दोन घमेली चाळलेल्या पोयट्याच्या मातीत एक घमेलं जुनं शेणखत कालवून, त्यात बी मिसळून वाटाण्याएवढ्या गोळ्या करा आणि सावलीत वाळवा. घरातली मुलं हे काम आनंदाने करतात. गोळ्या रेघांत टाकून नखभर माती लोटा, त्याहून खोल नको. वर भाताच्या पेंढ्याचा दोन बोटं थर पसरा, आणि बांबूच्या खुंट्यांना काथ्या ताणून तो दाबून ठेवा. चढ जास्त असेल तर काथ्याची विणलेली जाळी अंथरा. ती काही वर्षांत कुजून माती होते. प्लास्टिकची जाळी घालू नका, ती साप-सरड्यांच्या गळ्याला फास होते आणि शेवटी खाडीत जाते. माळावर कोळीभाजी डोकं वर काढेल तोवर तुमच्या गोळ्याही फुटू लागलेल्या दिसतील.

पायथ्याचं काम मात्र दिवाळीच्या दिवसांतलं. तेव्हा पाणी उतरलेलं असतं, माती ओली असते आणि पुढचा पूर सात-आठ महिने दूर असतो. इथे बी नको, ठोंब हवेत. वाळा यात सगळ्यांत भरवशाचा. त्याची मुळं पसरण्याऐवजी सरळ खाली उतरतात, दोन-तीन मीटरपर्यंत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेने धूप रोखण्यासाठी जगभर याच गवताचा प्रचार केला. जगाने वाळा आपल्याकडून नेला आणि आपण तो फक्त उन्हाळ्यात माठात टाकतो. ओलसर जागेतला जुना ठोंब खणून, दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करून, पाने वीतभर ठेवून छाटा आणि काठाला समांतर ओळीत चार-सहा बोटांच्या अंतराने लावा. अंतर जास्त पडलं तर फटीतून पाणी घुसतं. अधूनमधून लव्हाळ्याचे गड्डे आणि काशाचे ठोंब लावा, पण काश भातखाचराच्या शेजारी नको, ते आत शिरतं.

वाळ्याच्या ओळीमागे निर्गुडीची बोटाएवढी जाड, हातभर लांब खुंटं निम्म्याहून जास्त जमिनीत ठोकायची. निर्गुडीला शेळ्या तोंड लावत नाहीत, हा तिचा मोठाच गुण. तलासरीकडच्या खडकाळ ओहोळांत कण्हेरीसारख्या अरुंद पानांचं एक झुडूप दिसतं, पुरात आडवं होतं आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभं राहतं. ती शेरणी. दगडांच्या फटीत तिच्याइतकं कुणीच टिकत नाही. जिथे धार वळणावर थेट आदळते तिथे आधी दगड रचावेच लागतात, आणि शेरणी-निर्गुडी त्या दगडांच्या सांध्यांत लावायची. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा कळशीभर पाणी द्यावं लागेल. ओहोळ फेब्रुवारीत आटतो आणि नवी मुळं तेवढी खोल गेलेली नसतात.

झाडं सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत वर. जड झाड धारेवर असेल तर भिजलेल्या काठावर त्याचंच ओझं होतं. माथ्याच्या पट्टीत करंज, अर्जुनसादडा, जांभूळ, तामण, उंबर, कळक आणि आपली खजुरी. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करून त्याच पावसात पेरा. जांभळाची बी साठवायचीच नाही. खाल्ल्यावर आठवडाभरात मातीत गेली पाहिजे, वाळली की मेली. अर्जुनसादड्याची फळं दोन दिवस पाण्यात भिजवून पेरावीत. उंबराचा जाड खुंट लावला तरी फुटतो. रोपं हवी असतील तर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आधी मागणी नोंदवा, आणि मातीविषयी शंका असेल तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.

काही गोष्टी फुकट मिळाल्या तरी आणू नका. सुबाभूळ एकदा शिरली की काठावर दुसरं काही उगवू देत नाही आणि तिच्या शेंगा पाण्याबरोबर खालच्या गावात पोचतात. बेशरम सहज जगते म्हणून कुंपणाला लावली जाते, पुढे तीच पात्र तुंबवते आणि पाणी समोरच्या काठावर फेकते. घाणेरी आणि रानमारी बी पडण्याआधी मुळासकट काढा. पण एकदम सगळा काठ उघडा करू नका. वीस हात काढा, तिथे आपलं लावा, मग पुढचे वीस. डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन आपल्या डोळ्यांना सवयीचं झालं आहे, तरी सुरू इथला नाही, आणि ओहोळाच्या काठी त्याचं काम नाही.

ओहोळ खाडीला मिळतो तिथे हिशेब बदलतो. जिथे तिवर दिसायला लागतात तिथपासून खारं पाणी येतं असं समजा. तिथे गोड्या पाण्याचं गवत टिकणार नाही. भरतीच्या रेषेवर करंज, भेंड आणि समुद्रफळ, आणि रेषेच्या खाली आहे ती खारफुटी राखणं, एवढंच करा. चिखलाचा पट्टा मोकळा दिसला म्हणून तिथे झाडं रोवायची नसतात. पक्षी, निवट्या, कालवं यांचं घर तेच आहे.

काठ बहुधा सरकारी असतो, म्हणून काम सुरू करायच्या आधी ग्रामसभेत ठराव घ्या. डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि पेसा कायद्याने ग्रामसभेच्या शब्दाला वजन दिलं आहे. त्याच ठरावात दोन पावसाळ्यांची चराईबंदी घाला. कुंपणापेक्षा गावाचा शब्द जास्त टिकतो, पण तो गुराख्यांना बसवून घ्यावा लागतो आणि त्यांना दुसरा माळ दाखवावा लागतो. नाला खोलीकरणाची कामं मंजूर होतात तेव्हाही ग्रामसभेत बोला. यंत्राने पात्र सरळ आणि खोल केलं की पाण्याचा वेग वाढतो आणि दोन्ही काठ उभे, उघडे राहतात. खोलीकरण करायचंच असेल तर काठाला उतार आणि त्यावर पेरणी त्याच अंदाजपत्रकात हवी.

हे आज जास्त तातडीने सांगावंसं वाटतं, कारण डहाणू तालुका १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला असला, तरी आता इथे मोठी उलथापालथ सुरू आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६,२०० कोटींचं काम. त्याला जोडणारे रस्ते आणि लोहमार्ग आमचेच ओहोळ ओलांडणार. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध मला मनापासून पटतो. पण जिथे भराव पडेल तिथे त्या नव्या मातीवर काय पेरलं जातं, यावर तरी गावाने आजपासून लक्ष ठेवलं पाहिजे. पुलाच्या दोन्ही अंगांना इथलंच गवत, इथलीच निर्गुडी हवी अशी लेखी मागणी ग्रामसभेने करावी, आणि सोबत आपल्या मडक्यातलं बी दाखवावं.

पहिल्या वर्षी काठ विरळ आणि गबाळा दिसेल. घाबरून पुन्हा नांगरू नका, गवत आधी खाली वाढतं. राब भाजताना आग काठाकडे जाणार नाही याची काळजी घ्या, पट्टीच्या कडेचा पालापाचोळा आधीच ओढून घ्या. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कापणी करायला हरकत नाही, मात्र बी झडल्यावर आणि बुडाशी चार बोटं राखून. पुराने कुठे घास घेतला असेल तर तेवढ्याच जागेत पुन्हा वाळ्याची ओळ लावा. तिसऱ्या पावसाळ्यात पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काठावरून एक फेरी मारा आणि पायथ्याशी हात घालून बघा. कपार लागली नाही, बोटांना ओली, गुंतलेली मुळं लागली, की त्या वर्षीचं बी शेजारच्या ओहोळासाठी गोळा करायला हरकत नाही.